साळिंदराची मिठी

४ फेब्रुवारी, बुधवार

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र नाही, म्हणजे तुमचं बरं चाललं असणार असं मी धरून चालते. लेकीच्या घरी जिने नाहीत, तेव्हा गुडघे तरी सुखात असतील. इकडे सगळं जागच्या जागी आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. प्लंबर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने चहा घेतला, नळाकडे बघून मान हलवली आणि "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणाला. माझी तब्येत ठीक. थकवा आहे. डॉक्टर म्हणतात रक्त चांगलं आहे, वजन चांगलं आहे, आणि मग वय विचारतात.

काल मुलांच्या वाचनालयात 'लेखिकेशी गप्पा' होत्या. जायचं अगदी जिवावर आलं होतं, पण तुमच्या खुर्चीवर आता जो नवा संपादक बसतो, त्याने परस्पर हो सांगून टाकलं होतं. पोरगा गुणी आहे हो. फक्त माझ्या वाक्याला हात लावायला घाबरतो. हस्तलिखित पाठवलं की दुसऱ्या दिवशी उत्तर हजर, "खूप गोड झालंय मॅडम, डोळे पाणावले." मी जणू उद्याच जाणार आहे आणि जाताना माझं मन मोडायला नको, असा त्याचा एकूण सूर असतो. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्या एकाही पानाला गोड म्हणाला नाहीत. तुमच्याकडून मिळालेलं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे "चालेल". ते मिळालं की तुमचा भाऊ मला म्हणायचा, आज नणंदबाई फारच उधळल्या बुवा.

तर वाचनालय. खोली लहान, मुलं भरपूर, पंखा एकच आणि तोही नेमका मोठ्या माणसांच्या डोक्यावर. ग्रंथपालबाईंनी माझी ओळख करून दिली: "हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसात राहणाऱ्या खडूस साळिंदराच्या, म्हणजे आपल्या लाडक्या बोचऱ्याच्या लेखिका!" टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, बोचऱ्यासाठी होत्या. मला त्याचं काही वाटत नाही. मी गेले नसते आणि तोच एकटा गेला असता, तरी कार्यक्रम व्यवस्थित झाला असता.

मग प्रश्न. बोचऱ्या काय खातो? मी म्हटलं, दुसऱ्यांची डोकी. हशा. तुम्ही सकाळी लिहिता की संध्याकाळी? मी म्हटलं, लिहावंसं वाटत नाही तेव्हा लिहिते, वाटतं तेव्हा झोपते. हे खरंच होतं, पण त्यालाही हशा. पुढचे दात पडलेल्या एकाने विचारलं, संपादक म्हणजे काय करतो? मी म्हटलं, तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य काढून टाकतो, आणि आठ दिवसांनी तुम्हालाच कळतं की ते बरं नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे आईसारखा?" मी म्हटलं, नाही रे, नणंदेसारखा. यावर मुलांबरोबर आलेल्या शिक्षिका हसल्या, मुलं नाही. मुलांना नणंदा नसतात, सुखी आहेत.

बोचऱ्या कुणावरून सुचला, असंही विचारलं. मी म्हटलं, शेजारच्या मांजरीवरून.

शेवटी वाचन. नव्या पुस्तकातलं काहीतरी वाचा म्हणाले. आता तुम्हाला ठाऊक आहे, मोठ्याने वाचायचं काम कधीच माझं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर हे वाचायचे, समोर तुम्ही पेन्सिल घेऊन, आणि मी कोपऱ्यात बोटं मोडत. यांचा आवाज असा की बसचं वेळापत्रक वाचतायत. तुम्ही म्हणायचात, म्हणूनच हा चांगला, वाईट वाक्याला हा नटवत नाही. जिथे हे अडखळले तिथे तुमची खूण. मी कितीही भांडले तरी खूण ती खूण. आठ पुस्तकं अशीच झाली. नववं मात्र छापून येईपर्यंत कुणी मोठ्याने वाचलंच नव्हतं. काल पहिल्यांदा वाचलं गेलं, तेही माझ्याच तोंडून.

मी शेवटचं प्रकरण उघडलं. ऑफिसातले कारकूनकाका एक दिवस येत नाहीत, आणि मग कळतं की ते आता येणारच नाहीत. तिथपर्यंत ठीक चाललं होतं. मग ते पान आलं, जिथे बोचऱ्या रडत बाहेर धावतो, रखवालदाराला मिठी मारतो, झाडूवाल्या मावशींना मिठी मारतो, दारातल्या कुत्र्यालाही मारतो, आणि प्रत्येकाला म्हणतो, "मला माफ करा, मी तुम्हाला उगाच बोचलो." मी त्या पानावर तीनदा अडखळले. पाणी प्यायले. शिक्षिका रुमाल काढत होत्या. मुलं मात्र एकमेकांकडे बघत होती.

पहिला तोच, दात पडलेला. "टोचलं नाही का त्यांना?"

मी म्हटलं, "त्याने काटे मिटून घेतले होते."

"रडताना? रडताना कुठे लक्षात राहतं!"

"कुत्रा तर पळूनच गेला असता," मागून कुणीतरी म्हणालं.

मग हाताला प्लास्टर घातलेली एक मुलगी उभी राहिली. तिला आठही पुस्तकं पाठ असावीत, कारण मध्येच एकदा तिने मला एक चूक सांगितली होती. शांतपणे म्हणाली, "हा बोचऱ्या नाहीच. त्याला रडायला आलं असतं ना, तर तो कुणावरतरी ओरडला असता. आमची आत्या तशीच करते. रडायला आलं की आमच्यावर ओरडते."

ग्रंथपालबाईंनी लगेच आभाराचं भाषण सुरू केलं.

वन्सं, आता सांगते ते हसण्यावारी न्या. ते पान म्हणजे आपला नेहमीचा बळीचा बकरा होता. तिसऱ्या पुस्तकापासून मी प्रत्येक हस्तलिखितात एक मुद्दाम भिकार परिच्छेद घालत आले, म्हणजे तुमच्या पेन्सिलीची भूक तिथे भागावी आणि बाकीचं वाचावं. तुम्हीही सगळं ओळखून तो आधी कापायचात आणि मग बाकीच्याकडेही वळायचातच. या वेळी सवयीने घातला, आणि नव्या पोराने त्याला कापायचं सोडून हार घातला. एवढंच झालंय.

दुसरी आवृत्ती निघणार आहे. काही दुरुस्त्या असतील तर आत्ताच सांगा, असा त्याचा निरोप आहे. पुस्तक सोबत पाठवते. ते एक पान तेवढं नजरेखालून घालाल का? ठेवू की काढू, एवढंच सांगा. फार वेळ लागणार नाही.

लेकीला आणि नातीला आशीर्वाद.

तुमची,
भावजय

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ती. वन्सं,

नमस्कार. उत्तर आलं नाही. पुस्तक पोचलं असं टपालखातं म्हणतं, आणि टपालखातं खोटं कशाला बोलेल?

खोटं मी बोलले. ते आधी सांगून टाकते, मग बाकीची बातमी.

नाही, बातमीच आधी सांगते. नव्या संपादकाचा फोन आला होता. म्हणाला, "मॅडम, ते मिठीचं पान तुफान आवडलंय लोकांना. पालकांचे फोन येतायत. आपण तेच पान पोस्टरवर घेऊ या का?" मी विचारलं, मुलांचे फोन आले का? तो गोंधळला. मुलं फोन कुठे करतात मॅडम, म्हणाला. छपाई पुढच्या महिन्यात आहे, आणि पोस्टर त्याआधी. मी म्हटलं विचार करून सांगते. त्याला वाटलं मी लाजतेय.

मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. आजकाल हे फार होतं. उठायचं कारण शोधावं लागतं.

वन्सं, तो बकरा नव्हता. बकरा लिहायला मला मजा येते, ओठ चावत हसत लिहिते मी. हे पान मी एका बैठकीत लिहिलं, एक शब्द खोडला नाही, आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं नाही. तुमचा भाऊ गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी, त्याच जेवणाच्या टेबलावर. कारकूनकाका म्हणजे कोण, हे तुम्हाला मी काय सांगायचं? टेबलाशी बसून लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देणारा, आणि स्वतःची किल्ली रोज हरवणारा माणूस आपल्या घरात दुसरा कोण होता?

हे गेले त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. बोलायला तुम्ही थांबला नाहीत आणि मी थांबवलं नाही. घर माणसांनी भरलं होतं. मी चहा करत होते. शेजारीण म्हणत होती, तुम्ही बसा, मी करते. पण मी बसले असते तर पुन्हा उठले नसते. म्हणून करत राहिले. कुणाला साखर कमी, कुणाला बिनदुधाचा, ते बरं वाटत होतं. प्रत्येकाचं वेगळं लक्षात ठेवायचं, तेवढंच डोक्यात. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात आणि म्हणालात, "तुला रडूसुद्धा येत नाही का गं?" माझ्या हातात गाळणी होती. मी म्हटलं, "तुमच्यासाठी बिनसाखरेचा ठेवलाय." खरंच दुसरं काही सुचलं नाही. सकाळी पहिल्या बसने तुम्ही गेलात. तो कप तसाच ओट्यावर होता.

मला राग आला नव्हता. आजही नाही. राग यायला अंगात जोर लागतो.

रडू मला खरंच आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मधूनच वाटतं आता येईल, तेवढ्यात दारावर कुणीतरी येतं किंवा दूध उतू जातं, आणि राहून जातं. मग मी बोचऱ्याला रडवलं. लिहितानाच मला माहीत होतं की हे चुकतंय. तो असं करणार नाही. साळिंदर मिठ्या मारत सुटलाय, हे काय आहे? पण काढवेना. ते पान काढलं असतं, तर यांच्यासाठी माझ्याकडून काहीच झालं नाही असं झालं असतं. जगातल्या सगळ्या बायका रडल्या आणि मी चहा केला. निदान एका पानात तरी कुणीतरी यांच्यासाठी धाय मोकलून रडलं.

पण त्या प्लास्टरवाल्या मुलीने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. तिचं वाक्य डोक्यातून जात नाही. रडायला आलं की आत्या ओरडते. वन्सं, तुमचा धाकटा भाऊ गेला होता. त्याला तुम्ही कडेवर खेळवलं होतं, शाळेत सोडलं होतं. मी त्या दिवशी नुसतं माझं बघत होते. दोघींनाही रडायचं होतं. तुम्ही ओरडलात आणि मी चहा केला, बाकी काय फरक होता आपल्यात?

आणि ती शेजारच्या मांजरीची गोष्टही खोटी. बोचऱ्या कुणावरून सुचला ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं, तुम्ही सोडून. तुमच्यासमोर विषय निघाला की हे टेबलाखाली माझा पाय दाबायचे.

आता प्रश्न तोच, पण नीट विचारते. ते पान ठेवलं तर पुस्तक खोटं होतं. मुलं वाचतील आणि एकमेकांकडे बघतील, आणि आठ पुस्तकं खरा वाटलेला बोचऱ्या त्यांच्या मनातून उतरेल. मोठी माणसं रडतील, पण पुस्तक त्यांच्यासाठी नाही. काढलं तर माझ्या हाती यांचं काही उरत नाही. मला ठरवता येत नाही. इतकी वर्षं जे तुम्ही ठरवलं, ते आता एकटीने ठरवायची ताकद माझ्यात नाही. वाद घालायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं.

तुम्ही सांगाल तसं करीन. रागावून सांगितलंत तरी करीन. पण काहीतरी सांगा. नुसतं "चालेल" म्हणालात तरी चालेल.

तुमचीच,
भावजय

५ मार्च

अगं,

आशीर्वाद. दोन्ही पत्रं पोचली. पहिल्याला उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू थापा मारल्या होत्यास. तुझे बकरे मला लांबून ओळखू येतात. त्यांच्यात विशेषणांची खोगीरभरती असते. या पानात एकसुद्धा विशेषण नव्हतं. तेव्हाच कळलं की हे तू खरं लिहिलंयस, आणि मग माझ्याने पेन्सिल उचलवेना.

पुस्तक तू पाठवायच्या आधीच माझ्याकडे होतं. दुकानात आलं त्याच आठवड्यात लेकीला आणायला सांगितलं. नातीला वाचून दाखवायला घेतलं, त्या पानाशी आले आणि पाणी प्यायला म्हणून उठले, ती परत गेलेच नाही. उरलेलं तिने आपलं आपण वाचलं. नंतर येऊन म्हणाली, "आजी, शेवट बरोबर नाहीये." मी तिच्यावर ओरडले. तेव्हा तुझ्या त्या प्लास्टरवाल्या पोरीला माझा नमस्कार सांग.

बोचऱ्या कुणावरून आहे ते मला पहिल्या पुस्तकापासून माहीत आहे. पहिल्या हस्तलिखितात तो बोलायच्या आधी माझ्यासारखा खाकरत होता, ते कुणी काढलं असं वाटतं तुला? तुम्ही दोघं टेबलाखाली पाय दाबत बसायचात, आणि टेबल हलायचं.

आता काम. पान काढ. वाद नको. मिठी नको, माफी नको, पळापळ नको. पोस्टरचं त्या मुलाला मी सांगते, माझा आवाज ऐकला की तो उभा राहतो. पण नुसतं काढून जागा मोकळी ठेवायची नाही, एवढं तुझं म्हणणं मला कळलं. त्या जागी हे घाल:

सकाळी नवा माणूस आला. टेबलावर कारकूनकाकांचा चष्मा होता. नव्या माणसाने तो उचलला, त्याला नंबराची चिठ्ठी बांधली आणि हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवला.

"ती चिठ्ठी सोड!" बोचऱ्या ओरडला.

"का?"

"तो हरवलेला नाही."

नव्या माणसाने चिठ्ठी सोडली आणि चष्मा परत टेबलावर ठेवला. त्या दिवशी बोचऱ्याने कुणालाच टोचलं नाही, आणि कुणी त्याच्या जवळही गेलं नाही.

शब्द तुला हवे ते बदल, तुझ्या हाताचे कर. माझी भाषा रुक्ष आहे, मला माहीत आहे. पण यात तो रडत नाही आणि तरी कळतं, एवढं मला दिसतंय. हे लिहायला मला चार दिवस लागले. तू पुस्तकंच्या पुस्तकं कशी लिहितेस कोण जाणे.

त्या दिवशीचं. स्वयंपाकघराच्या दारात मी जे बोलले ते वाक्य तेव्हाच काढून टाकायला हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं काढली, आणि स्वतःचं एक वेळेवर काढता आलं नाही. तोंडातून गेलं आणि तुझा चेहरा बघितला. तू चहाचं बोललीस. तो कप मी घेतला असता, तर त्या ओट्याशी खाली बसून मी असा गळा काढला असता की घर गोळा झालं असतं. म्हणून पहिली बस पकडली. मग लाज वाटत राहिली, आणि लाजेला जितके दिवस जातात तितकी ती जड होते. तुला वाटलं असेल म्हातारी रुसली. रुसायचं वय राहिलंय का माझं?

येत्या रविवारी येते. लेक सोडायला येणार आहे, तेव्हा घ्यायला धावपळ करू नकोस. महिनाभर राहीन म्हणते. रडायचं राहिलंय, तुझंही आणि माझंही. पाहुण्यांना बोलावू नकोस, चहा मांडू नकोस. दोघीच बसू. आलं तर आलं, नाही आलं तर नाही.

आणि एक शेवटची दुरुस्ती. वन्सं म्हणणं आता पुरे. तू लग्न होऊन आलीस तेव्हा शोभत होतं. भाऊ मला ताई म्हणायचा. या वयात नावाने हाक मारणारं मोठं कुणी उरलं नाही, आणि बरोबरीच्या सगळ्या मला बाई म्हणतात, लहान मुलं आजी. तो गेल्यापासून ताई अशी हाक माझ्या कानावर एकदाही पडलेली नाही.

दार उघडशील तेव्हा तू तशी हाक मार.

तुझी,
ताई